ऐकीव खात्री

निर्णय घेताना माणूस स्वतःला एकटा समजतो. निर्णय फसला की बरोबर कोण कोण होते ते त्याला आठवू लागते.

म्हणून फसलेल्या निर्णयांचा इतिहास सविस्तर सापडतो. साधलेले निर्णय प्रत्येकाने एकट्यानेच घेतलेले असतात.

१८६१ साली अमेरिकेत यादवी सुरू झाली. उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरे अडवली. लँकेशायरच्या गिरण्यांना लागणाऱ्या कापसातला सुमारे चार पंचमांश कापूस त्या बंदरांतून येत असे. तो थांबला आणि इंग्लंडची नजर मुंबईकडे वळली. मुंबई त्या युद्धात कोणाच्याच बाजूने नव्हती. त्या युद्धाने तिला श्रीमंत केले आणि त्याच्या शेवटाने तिला बुडवले.

दूरच्या घटनेशी माणसाचे नाते असेच जडते. जोडताना त्याला कोणी विचारत नाही. तोडतानाही नाही.

कापसाचा भाव तिप्पट-चौपट झाला. खानदेश, वऱ्हाड, धारवाड, भडोच, कुठलाच कापूस पुरेना. लोकांनी गाद्या-उशा उसवून त्यातला जुना कापूस विकायला काढला, अशा नोंदी आहेत. गादी विकलेल्या माणसाला झोप कमी लागते. मुंबई चार वर्षे जागी होती.

त्या काळच्या हिशेबांप्रमाणे पाच वर्षांत नेहमीच्या व्यापारावर आठ कोटींहून अधिक पौंड शहरात आले. ते कापसामुळे आले, पण कापसात राहिले नाहीत. जास्तीच्या पैशाला काम लागते. काम मिळाले नाही तर तो स्वप्न शोधतो.

१८६५ च्या जानेवारीत मुंबईत ३१ बँका, १६ वित्तसंस्था, २० विमा कंपन्या आणि जमिनीच्या ८ कंपन्या मोजता येत होत्या. दहा वर्षांपूर्वी यांतले फारच थोडे होते. सर्वांत मोठे नाव बॅकबे भरणी कंपनीचे. पाच हजारांचा तिचा भाग दहापटीला गेला. जो समुद्र बुजवायचा होता तो अजून समुद्रच होता.

न झालेल्या गोष्टीचा भाव झालेल्या गोष्टीपेक्षा नेहमी वर असतो. झालेल्या गोष्टीत दोष दिसतात.

॰

अमेरिकेतली लढाई कधी आणि कशी संपेल, हे मुंबईत कोणालाच माहीत नव्हते. शेअरदलाल प्रेमचंद रायचंद आज काय घेत आहेत, हे सगळ्यांना माहीत होते. दोन प्रश्नांपैकी ज्याचे उत्तर मिळण्यासारखे होते तो लोकांनी निवडला.

माणूस बहुधा हेच करतो. अवघड प्रश्न सोडवण्याऐवजी तो शेजारचा सोपा प्रश्न सोडवतो, आणि अवघड प्रश्न सुटला असे मानतो.

प्रेमचंद सुरतेचे. वय तिशीच्या थोडे पुढे. विलायतेची टपालबोट बंदरात लागण्याआधीच ते आपली होडी पुढे पाठवीत आणि भावाची बातमी बाजाराआधी मिळवीत, असे सांगतात. खरे असेल. त्यांची हुशारी बातमी मिळवण्यात होती. बाकीच्यांची हुशारी त्यांच्याकडे पाहण्यात होती.

पुढे पुढे सगळेच त्यांच्याकडे पाहू लागले. ज्याच्याकडे सगळे पाहतात त्याला पाहायला कोणी उरत नाही. मग तो गर्दीकडे पाहतो, आणि आपण योग्य दिशेने चाललो आहोत अशी त्याची खात्री पटते.

बातमी हातोहात जाताना झिजते. खात्री हातोहात जाताना वाढते.

पहिला सांगणारा ‘बहुधा’ म्हणतो. दुसऱ्याला तो शब्द अनावश्यक वाटतो. तिसरा एखाद्या वजनदार माणसाचे नाव जोडतो. चौथ्याकडे पोहोचते ती बातमी नसतेच, तो निकाल असतो. चौघांतला कोणीही खोटे बोललेला नसतो.

प्रत्येकाने आपल्या परीने थोडी शंका गाळली. शंका हाच त्या मालातला खरा ऐवज होता.

ज्याला कमी माहिती असते तो जास्त ठामपणे बोलतो, असे म्हणण्याचा प्रघात आहे. तो अर्धाच बरोबर आहे. ठामपणा अज्ञानातून येत नाही. तो संख्येतून येतो. पाच जणांनी तेच सांगितले की पाच पुरावे मिळाले असे वाटते. पाचही जणांनी ते एकाकडूनच ऐकले होते, हे तपासायला सहावा माणूस लागतो. सहावा बहुधा रांगेत उभा असतो.

॰

अमेरिकेतले समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ साली एक निरीक्षण मांडले. माणसाला नवी बातमी जवळच्यांकडून मिळत नाही. ती नुसत्या ओळखीच्या माणसांकडून मिळते. जवळच्यांना जे माहीत असते ते त्यालाही माहीत असतेच. नोकरीची खबर मित्राकडून कमी येते, मित्राच्या ओळखीच्या माणसाकडून जास्त येते.

हे खरे आहे, आणि पुरेसे नाही. बातमी ओळखीतून येते. धीर नात्यातून येतो. परक्याने सांगितलेले माणूस ऐकतो. मेहुण्याने केलेले माणूस करतो.

मुंबईत पैसा याच वाटेने फिरला. भाटिया, वाणी, पारशी, प्रत्येक जातीच्या व्यापाऱ्यांची आपापली पेढी होती आणि आपापली पत. विश्वास कुळावर ठेवला जाई, कागदावर नाही. ही व्यवस्था पिढ्यानपिढ्या उत्तम चालली होती. ती इतकी उत्तम होती की तिच्यातून चुकीची गोष्टही विनाअडथळा पसरली.

विश्वासाला चाळणी नसते. म्हणूनच तो विश्वास असतो.

काही घरांत एक लोखंडी पेटी असते. तिच्यात किंमत नसलेले, पण फेकूनही न दिलेले कागद असतात. जेवताना त्यांचा विषय निघत नाही. अशा एका पेटीच्या आसपास मी वाढलो. ते कागद कोणी घ्यायला लावले, हे घरात सर्वांना पाठ होते. ते का घेतले, हे कोणालाच सांगता येत नसे.

॰

शिकलेला माणूस गर्दीत सापडत नाही, अशी शिकलेल्या माणसांची समजूत असते.

डॉ. भाऊ दाजी लाड हे त्या काळातले मुंबईतले सर्वांत चौकस डोके होते. वैद्यकात नाव, संस्कृतात अधिकार, शिलालेख वाचण्याची दुर्मीळ नजर. १८६२ साली, धर्मगुरूंच्या वर्तनावरून गाजलेल्या महाराज लायबल खटल्यात त्यांनी साक्ष दिली. तेव्हा एका धनिक समाजाचा रोष पत्करणे सोपे नव्हते. तीन वर्षांनी शेअरांच्या सट्ट्यात त्यांची मिळकत बुडाली.

एका बाबतीत स्वतंत्र असलेला माणूस सर्वच बाबतींत स्वतंत्र असतो, असे नाही. ज्या विषयात त्याचा अभिमान गुंतलेला असतो तिथे तो ताठ उभा राहतो. जिथे अभिमान नसतो तिथे तो इतरांइतकाच सहज वाकतो, कारण तिथे आपल्याला वाकवले जात आहे हे त्याच्या लक्षात येत नाही.

नीतीच्या प्रश्नावर समाजाविरुद्ध जाणारा माणूस व्याजाच्या प्रश्नावर शेजाऱ्याला विचारतो. यात विसंगती नाही. धैर्य ही जागेजागेची गोष्ट आहे.

उलट उदाहरणही त्याच युद्धातले आहे. लँकेशायरमध्ये कापूस नव्हता, म्हणून काम नव्हते, म्हणून अन्न नव्हते. दक्षिणेची नाकेबंदी फुटावी असे तिथल्या पुष्कळांना वाटत होते, आणि ते समजण्यासारखे आहे. तरी ३१ डिसेंबर १८६२ रोजी मँचेस्टरच्या फ्री ट्रेड हॉलमध्ये कामगार जमले आणि त्यांनी गुलामगिरीविरुद्ध, म्हणजे आपल्या पोटाविरुद्ध, लिंकनला पाठिंबा दिला. लिंकनने जानेवारीत त्यांना पत्र पाठवून उत्तर दिले.

तेही गर्दीतच होते. त्यांनीही एकमेकांकडे पाहिलेच असेल. जो धागा मुंबईत मोह वाहून नेत होता तोच मँचेस्टरमध्ये विवेक वाहून नेत होता. धाग्याला दोन्ही सारखेच.

म्हणून ओळखी-नात्यांच्या जाळ्याला दोष देणाऱ्यांचे म्हणणे मला पुरते पटत नाही. त्याचे गुण गाणाऱ्यांचे तर मुळीच पटत नाही.

॰

९ एप्रिल १८६५ रोजी दक्षिणेचा सेनापती जनरल ली शरण आला. आदल्या वर्षी इराणी आखातात तारेची केबल पडली होती आणि हिंदुस्थान युरोपशी तारेने नुकताच जोडला गेला होता. ज्या शहराने बातमीची वाट पाहत चार वर्षे पैसे कमावले, त्याला आता बातमी लवकर मिळू लागली.

बातमी लवकर आली म्हणजे शहाणपण लवकर येते, असे नव्हे. घबराटीला तेवढी सोय होते.

वायद्याच्या असंख्य सौद्यांची तारीख १ जुलै होती. त्या दिवशी देणारा कोणी नव्हता. सगळे घेणारे होते. प्रत्येक जण कोणाचा तरी ऋणको होता आणि कोणाचा तरी सावकार. दोन्ही हिशेब कागदावर तंतोतंत जुळत होते.

बँक ऑफ बॉम्बेचा भाग २,८५० रुपयांपर्यंत गेला होता. तो ८७ रुपयांवर आला. तिच्यात सरकारचा हिस्सा होता, म्हणून लोक निर्धास्त होते. लोकांचा तिच्यावर विश्वास होता, म्हणून सरकार निर्धास्त होते. १८६८ मध्ये ती बँक मोडीत निघाली.

दोन माणसे एकमेकांच्या भरवशावर झोपली की पहारा कोणाचा, हा प्रश्न सकाळी निघतो.

१८६४ च्या गणतीत मुंबईची वस्ती ८,१६,५६२ होती. १८७२ च्या गणतीत ती ६,४४,४०५ भरली. वर चढताना लोक कुठून आले याच्या हकिकती आहेत. उतरताना ते कुठे गेले, हे कोणी फारसे लिहिले नाही. भरभराटीला साक्षीदार मिळतात. ओसरण्याला फक्त आकडे.

दिनशा वाच्छा तेव्हा विशीचे होते. त्या दिवसांवरचे त्यांचे पुस्तक १९१० साली आले. वेडाबद्दल शांतपणे लिहायला एक पिढी जावी लागते. तोवर दुसरी पिढी आपल्या वेडात असते.

प्रेमचंदही बुडाले. पण १८६४ साली, तेजी ऐन भरात असताना, त्यांनी मुंबई विद्यापीठाला ग्रंथालयासाठी आणि मनोऱ्यासाठी पैसे दिले होते. राजाबाई टॉवर १८७८ मध्ये पुरा झाला. त्याला त्यांच्या आईचे नाव आहे. उन्मादात कमावलेले गेले, उन्मादात देऊन टाकलेले उरले. यातून दानाचा महिमा काढण्याचा मोह होतो. तो आवरावा. देणारा तेव्हा हिशेब करीत नव्हता, एवढेच यातून सिद्ध होते.

समुद्र बुजवण्याचे स्वप्न मुंबईला पुन्हा पडले. १९२० च्या दशकात, गव्हर्नर लॉइड यांच्या योजनेत. तिच्यातली उधळपट्टी आणि गैरकारभार खुर्शीद नरिमन यांनी चव्हाट्यावर आणला. नंतर कधीतरी त्याच किनाऱ्यावर आणखी भर पडली आणि भर घालून केलेल्या त्या जमिनीला नाव मिळाले नरिमन पॉइंट. समाज टीकाकाराला विसरत नाही. तो त्याला पचवतो.

॰

शहरात बुडालेल्याला नादारीचा कायदा होता. खेड्यात बुडालेल्याला सावकार होता.

तेजीच्या दिवसांत दख्खनमध्ये कर्ज सहज मिळत होते. शेतकऱ्याची ऐपत वाढली असे सावकाराला वाटले. सावकाराची माया वाढली असे शेतकऱ्याला वाटले. दोघांचीही समजूत लिव्हरपूलच्या कापूसबाजारातल्या भावावर उभी होती आणि लिव्हरपूल दोघांनीही पाहिले नव्हते. भाव कोसळले. त्याच सुमारास जमीनमहसुलाची फेरआकारणी आली आणि सारा वाढला. सावकाराने हात आखडला आणि जुने कागद बाहेर काढले.

पुढे ज्या भागात सावकारांविरुद्ध दंगे उसळले त्या भीमथडी-शिरूरच्या कोरडवाहू पट्ट्यात कापूस फारसा पिकत नव्हता. अभ्यासकांना याचे कोडे पडते. पण पीक आपल्या रानात असावे लागते. त्याच्या भावाचा परिणाम कोणाच्याही रानात येऊ शकतो.

१८७० मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड मेयो खामगावला आला आणि रेल्वेचा फाटा सुरू झाला. वऱ्हाडचा कापूस आता वाफेवर बंदराला जाणार होता. तारेने भाव येणार होते. आले. लिव्हरपूलचे म्हणणे खामगावला कळू लागले. खामगावचे म्हणणे लिव्हरपूलला कळवण्याचे काम मात्र तारेला कोणी सांगितले नव्हते.

जगाशी जोडले जाणे वेगळे. जगात धरले जाणे वेगळे. पहिल्याचे समारंभ होतात.

१८७४ च्या अखेरीस शिरूर तालुक्यातल्या कर्डे गावात एका सावकाराने एका देशमुखाच्या घरावर हुकूमनामा मिळवला. गावाने त्या सावकाराची कामे करणे थांबवले. पाणी भरायला माणूस मिळेना, हजामतीला हात मिळेना. शेजारच्या गावांनी तेच केले. ठरावाचे कागद गावोगाव फिरले. १२ मे १८७५ रोजी सुप्याच्या बाजाराच्या दिवशी जमाव सावकारांच्या घरांवर गेला.

त्याला हवे होते ते कर्जरोखे. जिथे सावकाराने ते मुकाट्याने दिले तिथे जमाव ते जाळून परतला. जिवावर उठण्याचे प्रकार जवळजवळ झाले नाहीत. पुढे बसलेल्या सरकारी आयोगालाही हे नोंदवावे लागले. संतापलेली माणसे नेमके काय जाळायचे हे जाणत होती. कागदाने बांधलेला माणूस कागदच जाळतो.

सुप्यात त्या दिवशी पहिला हात कोणी उचलला? इतिहासाला हा प्रश्न आवडतो. तो चुकीचा असावा.

ग्रॅनोव्हेटर यांनीच १९७८ साली एक गणित मांडले. चौकात शंभर माणसे आहेत. एक जण कोणाचीही वाट न पाहता दगड उचलील. दुसरा, एकाने उचललेला पाहिल्यावर. तिसरा, दोघांनी उचललेला पाहिल्यावर. असे शंभरापर्यंत. सगळा चौक पेटतो. आता यातल्या दुसऱ्या माणसाच्या जागी थोडा अधिक सावध माणूस ठेवायचा, ज्याला दोघे पुढे गेलेले दिसायला हवेत. पहिला दगड पडतो आणि पुढे काहीच होत नाही. पहिला प्रसंग उठाव म्हणून नोंदला जातो. दुसऱ्यात एका माथेफिरूला पोलीस घेऊन जातात. नव्याण्णव माणसे दोन्हीकडे तीच.

म्हणजे इतिहास पहिल्या माणसावर अवलंबून नसतो. तो दुसऱ्यावर असतो. दुसऱ्याचा पुतळा कोणी उभारत नाही. पहिल्याकडे धैर्य असते, शंभराव्याकडे निमित्त असते. दुसऱ्याकडे दोन्ही अपुरे असतात आणि तरी तो पाऊल टाकतो.

समाजाचा कल ओळखू पाहणारे लोक त्याची मते मोजतात. मते मोजून कल कळत नाही. कोण कोणाची वाट पाहत आहे, हे मोजता आले तर कळेल. ते माणूस स्वतःलाही सांगत नाही.

सुप्यानंतर दोन महिन्यांच्या आत, ९ जुलै १८७५ रोजी, मुंबईच्या शेअर दलालांनी आपली संघटना स्थापन केली. दहा वर्षांपूर्वी बुडालेला धंदा त्यांनी पुन्हा शिस्तीने उभा केला. पुण्याच्या पूर्वेला लोक कागद जाळत होते. दलाल स्ट्रीटवर लोक कागदांना घर देत होते. दोन्ही ठिकाणी एकाच तेजी-मंदीचा धडा घेतला गेला होता, आणि दोन्ही ठिकाणी तो बरोबर घेतला गेला होता.

दलालांची संघटना मोठी झाली. शेतकऱ्यांच्या वाट्याला १८७९ चा कायदा आला, ज्याने कर्जाची प्रकरणे जरा सौम्यपणे पाहावीत असे न्यायाधीशांना सांगितले. एकाला संस्था मिळाली, दुसऱ्याला सहानुभूती. टिकाऊ काय, हे सांगायला नको.

॰

दीडशे वर्षांत कापसाची वाट बदलली. माणसाची फारशी नाही.

२००२ मध्ये बीटी कापसाला परवानगी मिळाली. दहा-बारा वर्षांत देशातल्या कापसाखालच्या बहुतेक जमिनीवर तेच बियाणे होते. ग्लेन डेव्हिस स्टोन या मानववंशशास्त्रज्ञांनी वारंगळ जिल्ह्यातल्या गावांत वर्षानुवर्षे जाऊन शेतकरी कोणते वाण निवडतात ते पाहिले आणि २००७ साली ते प्रसिद्ध केले. एका गावात एका वर्षी एकाच वाणाची लाट येई. शेजारच्या गावात दुसऱ्याच वाणाची. पुढच्या वर्षी दोन्ही लाटा ओसरत. जमीन, पाणी, कीड यांच्याशी त्या लाटांचा संबंध लावता आला नाही. शेतकरी शेजाऱ्याकडे पाहत होता. शेजारी शेतकऱ्याकडे पाहत होता.

याला अडाणीपणा म्हणणे सोपे आहे. वाणांची नावे इतकी, आणि ती इतक्या वेगाने बदलणारी, की स्वतः पेरून, पाहून, लक्षात ठेवून निवड करायला वेळच उरत नाही. प्रयोग संपायच्या आत माल बाजारातून जातो. अशा वेळी शेजाऱ्याकडे पाहणे हा आळस नसतो. तेवढेच करण्यासारखे उरलेले असते.

अनुभवाला हंगाम लागतो. बाजाराला आठवडा पुरतो.

निवडीचे स्वातंत्र्य वाढले की निवडी वेगवेगळ्या होतील, असे वाटते. उलट होते. दोन गोष्टींतून निवडणारा माणूस विचार करतो. दोनशेंतून निवडणारा विचारतो.

मोबाइलने यात नवे काय आणले? अंतर घटवले, असे म्हणतात. अंतर तारेनेच घटवले होते. मोबाइलने शंकेला लागणारा वेळ घटवला. पूर्वी गावातून बाजारात जाईपर्यंत दहा मैल चालावे लागे. तेवढ्या वाटेत माणूस निदान एकदा तरी स्वतःशी बोलत असे.

आज व्हॉट्सॲपच्या एका गटात दोनशे शेतकरी असतात. मध्यरात्री न्यूयॉर्कच्या वायद्याचा आकडा येतो. त्याखाली दहा अंगठे उमटतात. आकडा कोणत्या महिन्याच्या सौद्याचा, सेंट कसले, वजन कसले, हे विचारणारा निघतोही. त्याला उत्तर मिळते ते अंदाजाचे. पण अंगठे त्याच्या प्रश्नाआधी उमटलेले असतात.

माहिती मिळाल्याचे समाधान आणि माहिती यांत फरक असतो. समाधान लवकर पोहोचते.

२०२१-२२ च्या हंगामात कापूस क्विंटलला दहा हजारांच्या पुढे गेला. कित्येकांनी तोवर विकून टाकला होता. त्यांच्या पदरी पैसे पडले आणि हुरहुरही. हुरहुर जास्त टिकली. पुढच्या हंगामात विदर्भ-मराठवाड्यात असंख्य घरांनी कापूस विकला नाही. भाव पुन्हा तिथे जाईल, असे सगळे म्हणत होते. माजघरात, पडवीत, मुलांच्या अभ्यासाच्या खोलीत कापूस छतापर्यंत रचला गेला. त्यात कीड झाली आणि घरातल्यांच्या अंगाला खाज सुटू लागल्याच्या बातम्या आल्या. भाव सात-आठ हजारांच्या आसपास उतरला.

मागच्या वर्षीची चूक या वर्षी टाळणे, हे अनुभवी माणसाचे लक्षण मानतात. इथे सर्वांनी तीच चूक टाळली. सर्वांनी टाळली म्हणून तिची नवी चूक झाली.

गाद्या उसवून कापूस विकणारे लोक आणि घरात कापूस भरून त्यावर बसलेले लोक यांत एकशे साठ वर्षांचे अंतर आहे. दोघांनाही भावाची पक्की खबर होती.

मूर्खपणाचा आरोप कोणावरच करता येत नाही. एकटा विकणारा चुकला असता तर एकटा चुकला असता. सर्वांबरोबर थांबणारा चुकला तर सर्वांबरोबर चुकला. पहिल्याला गावात तोंड दाखवणे कठीण जाते. दुसऱ्याला बसायला पार असतो. बुडण्याची भीती माणसाला असते, पण एकट्याने बुडण्याची अधिक असते. या भीतीचा हिशेब कोणताही कृषी विभाग करीत नाही.

जून आला. पेरणी तोंडावर आली, हाती पैसा हवा होता. पुष्कळांनी महिनोन्महिने राखलेला कापूस मिळेल त्या भावाने घातला. तेच पैसे घेऊन ते बियाण्याच्या दुकानात गेले. कोणते वाण घ्यायचे, हे तिथे विचारायची वेळ आली नाही. ते गावात आधीच ठरले होते.